बँक खातं मायनस झालं? कटलेले चार्ज परत कसे मागावेत, पुढचे कसे थांबवावेत

खात्यातून पैसे कटले की गावात दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, "सोडून दे ते खातं, दुसऱ्या बँकेत नवीन काढ." दुसरा, "हजार रुपये टाकून ठेव, आपोआप नीट होते." हे दोन्ही सल्ले नुकसानीचे आहेत. सोडलेल्या खात्यावर चार्ज चढत राहतो. त्याच खात्याला आधार जोडलेलं असलं, तर पीएम किसानचे २,००० किंवा अतिवृष्टीचं अनुदान तिथेच येऊन पडतं आणि थकलेला चार्ज त्यातून आधी वळता होतो. हजार रुपये टाकणाऱ्याचंही तेच. ते मागच्या बाकीत जिरतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पेनल्टी लागते.

आधी पासबुक छापून घ्या. मशीन बंद असेल तर काउंटरवर सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागा. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत खातं होतं त्यांनी नवीन पासबुक घेतलं का ते बघावं, कारण १ मे २०२५ पासून ती बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे.

आता कटलेली प्रत्येक ओळ वाचा. ४३६ रुपये आणि २० रुपये दिसले तर ती पेनल्टी नाही. तो जीवन ज्योती आणि सुरक्षा विम्याचा वार्षिक हप्ता आहे. तो मे महिन्याच्या शेवटी कटतो, म्हणजे बियाणं-खतासाठी आपण खातं रिकामं करतो नेमक्या त्याच वेळी. तेवढे ४५६ रुपये खात्यात राहू द्या. विमा बंद पडला आणि घरात काही झालं, तर दोन लाखांचा दावा बुडतो. एसएमएस चार्ज आणि एटीएम कार्डाची वार्षिक फी वेगळी असते. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर शिल्लक नसताना पैसे काढायला गेलात तर त्याचाही चार्ज लागतो, म्हणून आधी शिल्लक तपासा. खरं नुकसान करणारे चार्ज दोनच आहेत: किमान शिल्लक न ठेवल्याचा आणि हप्ता बाऊन्स झाल्याचा. दोघांवर १८ टक्के जीएसटी लागतो. दोघांचे नियम मात्र वेगळे आहेत आणि सगळा गोंधळ ते एकत्र केल्याने होतो.

किमान शिल्लक म्हणजे सरासरी

खात्यात रोज हजार रुपये पडून असले पाहिजेत असा बहुतेकांचा समज आहे. बऱ्याच बँका महिन्याची किंवा तिमाहीची सरासरी बघतात. महिन्यातल्या रोजच्या शिलकेची बेरीज करून दिवसांनी भागतात. सरासरी १,००० हवी असेल, तर तीस दिवसांच्या महिन्यात १०,००० रुपये फक्त तीन दिवस राहिले तरी ती पूर्ण होते, बाकी सत्तावीस दिवस खातं रिकामं असलं तरी. कापसाचा चुकारा जमा झाला की त्याच दिवशी सगळा काढून आणू नका. दोन-तीन दिवस राहू द्या, त्या महिन्याची पेनल्टी तिथेच टळते.

तुमच्या बँकेत ही अट उरली आहे का, तेही विचारा. स्टेट बँकेने बचत खात्यावरची ही पेनल्टी मार्च २०२० मध्येच काढली. कॅनरा बँकेने जून २०२५ पासून आणि पंजाब नॅशनल बँकेने जुलै २०२५ पासून काढली. तरीही "किमान शिल्लक ठेवावीच लागते" असं सांगत फिरणारे लोक आहेतच.

हप्त्याची तारीख आणि रविवार

मोटरसायकल, मोबाईल, ट्रॅक्टर, जे काही हप्त्यावर घेतलं असेल त्याचा हप्ता 'नॅच' पद्धतीने खात्यातून आपोआप ओढला जातो. १ ऑगस्ट २०२१ पासून ही यंत्रणा रविवारी आणि सणासुदीलाही चालते. आपली शाखा मात्र रविवारी बंद, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारीही बंद. पाच तारखेचा हप्ता आणि पाचला रविवार असेल, तर पैसे शनिवारपर्यंतच खात्यात गेले पाहिजेत. सोमवारी भरू म्हणणारा हमखास बाऊन्स होतो.

हप्ता बाऊन्स झाला की मार दोन बाजूंनी बसतो: आपली बँक चार्ज लावते आणि कर्ज देणारी कंपनी वेगळा लावते. कंपनीने काही दिवसांनी तोच हप्ता पुन्हा ओढायला लावला आणि तेव्हाही खातं रिकामं असलं, तर पुन्हा दोन चार्ज. म्हणून बाऊन्सचा मेसेज आला की त्याच दिवशी कंपनीला फोन करा. हप्ता त्यांच्या कार्यालयात किंवा ॲपवर भरा, पावती घ्या आणि "या महिन्याचा हप्ता पुन्हा बँकेकडे लावू नका" असं स्पष्ट सांगा. "मँडेट बंद करून टाक, कोणी काही करत नाही" हा सल्ला तर ऐकूच नका. मँडेट म्हणजे खात्यातून हप्ता ओढायला आपण दिलेली परवानगी. ती बंद करता येते, पण कर्ज तसंच राहतं. शिल्लक नसल्याने नॅच परत जाणं हा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली चेक बाऊन्ससारखाच गुन्हा ठरू शकतो.

कर्ज घेतानाच हप्त्याची तारीख आणि मुदत ठरवून घ्या. आपल्याकडे पैसा सोयाबीन, कापूस, तूर घरात आल्यावर येतो. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ता मागता येतो. सही झाल्यावर मागितला तर कोणी देत नाही.

आणि माझं ठाम मत: ज्या खात्यात सरकारी पैसे येतात, त्या खात्यावर कोणत्याही हप्त्याची नॅच लावू नका. हप्त्याचं खातं वेगळ्या बँकेत ठेवा. घरातल्या बाईचे लाडकी बहीणचे १,५०० रुपये मुलाच्या मोबाईलच्या बाऊन्स चार्जमध्ये गेलेले मी पाहिले आहेत. आधार कोणत्या बँकेला जोडलं आहे ते आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटसमध्ये दिसतं. गावातल्या सीएससी केंद्रावरही बघता येतं.

शाखेतली लढाई: खातं शून्य शिलकेचं करून घेणं आणि कटलेलं परत मागणं

मला सर्वांत जास्त झगडावं लागलं ते इथे. ज्यांच्यासोबत मी बँकेत जातो, त्यांचंही काम इथेच अडतं.

रिझर्व्ह बँकेने 'मूलभूत बचत ठेव खातं' नावाचा प्रकार २०१२ मध्ये सगळ्या व्यापारी बँकांना बंधनकारक केला. त्यात किमान शिलकेची अट नाही. एटीएम कार्डाची वार्षिक फी नाही. महिन्यात चार वेळा पैसे काढणं फुकट आहे. जनधन खातं याच प्रकारात मोडतं. तुमचं साधं बचत खातं अर्ज देऊन या प्रकारात बदलून मिळतं. खातं बंद करावं लागत नाही आणि खाते क्रमांक तोच ठेवून हे काम होतं. एक अट आहे: त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

काउंटरवर मात्र तीन उत्तरं ऐकायला मिळतात. एकेक घेऊ.

"झिरो बॅलन्स खात्यात वर्षाला एक लाखाच्या वर व्यवहार होत नाही." हे अर्धसत्य आहे. वर्षाला १ लाख जमा, शिल्लक ५०,००० पर्यंत आणि महिन्याला १०,००० काढणं, या मर्यादा 'छोट्या खात्याला' आहेत, म्हणजे पूर्ण केवायसी न करता उघडलेल्या खात्याला. पूर्ण केवायसी झालेल्या मूलभूत खात्याला त्या लागू नाहीत. हा फरक कास्तकारासाठी फार मोठा आहे. पंधरा क्विंटल कापूस हमीभावाने विकला की चुकारा लाखाच्या वर जातो आणि छोटं खातं तिथेच अडतं. म्हणून आधार आणि पॅन सोबत घेऊन जा (पॅन नसेल तर फॉर्म ६० भरा), आधी केवायसी पूर्ण करून घ्या आणि मग बदलाचा अर्ज द्या.

"आधी मायनस भरा, मग बघू." इथे थांबा आणि विचारा, मायनस कशामुळे झालं? किमान शिलकेच्या पेनल्टीने झालं असेल, तर भरू नका. रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ ला नियम घालून दिला, तो १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे: केवळ या पेनल्टीमुळे बचत खातं शून्याच्या खाली नेता येत नाही. पेनल्टी जेवढी तूट तेवढ्याच प्रमाणात असली पाहिजे. सरासरी १,००० हवी आणि ४०० राहिली, तर हिशेब ६०० वर झाला पाहिजे. पेनल्टी लावण्याआधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवलं पाहिजे आणि शिल्लक भरायला किमान एक महिना दिला पाहिजे. पण मायनस हप्ता बाऊन्स झाल्याने आलं असेल, तर हा नियम तुमच्या कामाचा नाही. तिथे वाद घालून दिवस वाया घालवू नका. तो चार्ज बँकेच्या दरपत्रकाप्रमाणेच आहे का एवढं तपासा आणि पहिल्यांदाच झालं असेल तर सूट मागा. काही मॅनेजर देतात.

"आम्ही मेसेज पाठवला होता." हे सगळ्यात कठीण उत्तर आहे, कारण अनेकदा ते खरं असतं. मेसेज गेलेला असतो, पण भाच्याच्या नंबरवर, किंवा पाच वर्षांपूर्वी बंद झालेल्या सिमवर. म्हणून अर्ज लिहिण्याआधी खात्याला कोणता मोबाईल नंबर जोडलेला आहे ते विचारा. तो तुमचा चालू नंबर असेल आणि मेसेज आलेला नसेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. नंबर जुना असेल, तर "सूचना मिळाली नाही" या एका मुद्द्यावर विसंबू नका. मायनस आणि तुटीचं प्रमाण हे मुद्दे पुढे करा आणि नंबर त्याच दिवशी बदलून घ्या.

दोन वर्षं व्यवहार नसल्याने खातं 'निष्क्रिय' झालं असेल, तर त्यावर किमान शिलकेची पेनल्टी लावताच येत नाही आणि ते पुन्हा चालू करायलाही पैसे लागत नाहीत.

अर्ज मराठीतच लिहा, एका पानात, शाखा व्यवस्थापकांच्या नावे:

"माझ्या बचत खात्यातून (क्रमांक …) दि. … रोजी किमान शिल्लक नसल्याबद्दल रु. … व त्यावर जीएसटी रु. … कापले आहेत. चार्ज लावण्यापूर्वी मला सूचना व एक महिन्याची मुदत मिळालेली नाही. या चार्जमुळे खाते शून्याच्या खाली गेले आहे. हे रिझर्व्ह बँकेच्या नियमाविरुद्ध असल्याने रक्कम परत जमा करावी. तसेच हे खाते मूलभूत बचत ठेव खात्यात रूपांतरित करावे."

यातलं जे तुमच्या बाबतीत खरं आहे तेवढंच ठेवा. खोटं एक वाक्य सापडलं की सगळा अर्ज बाजूला पडतो. दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. "ठेवून जा, करून देतो" असं कितीही गोड बोलले तरी पोच घेतल्याशिवाय उठू नका. पोच नसेल तर पुढच्या वेळी त्या टेबलावर वेगळा माणूस असतो आणि अर्ज कोणालाच आठवत नाही. पोच द्यायला नकार मिळाला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, पगार-पेन्शनच्या पहिल्या आठवड्यातही नको. गर्दीत मॅनेजर ऐकून घेण्याच्या स्थितीत नसतो आणि तो त्याचा दोष नाही.

ओव्हरड्राफ्ट मागावा का?

जनधन खात्यावर १०,००० पर्यंत ओव्हरड्राफ्ट (शिल्लक नसतानाही पैसे काढायची सोय) मिळू शकतो, त्यातले २,००० पर्यंत विनाअट. खातं सहा महिने नीट चाललेलं असावं लागतं, वय १८ ते ६५ लागतं आणि एका घरात एकालाच मिळतो, शक्यतो बाईच्या नावावर. हे कर्ज आहे आणि जितके दिवस पैसे वापरले तितक्या दिवसांचं व्याज लागतं. चुकाऱ्याची तारीख नक्की असेल आणि आठ-पंधरा दिवसांची अडचण भागवायची असेल, तर सावकाराकडे जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं. हप्ता भरण्यासाठी मात्र ओव्हरड्राफ्ट काढू नका.

तीस दिवसांत काही झालं नाही तर

पोच मिळाल्याच्या तारखेपासून ३० दिवस मोजा. उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. ती फुकट आहे आणि वकील लागत नाही. वेबसाईट सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन, माहितीसाठी फोन १४४४८. इंटरनेट नसेल तर पत्र पाठवा: रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया, केंद्रीकृत प्राप्ती व प्रक्रिया केंद्र, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७. सोबत पोच असलेल्या अर्जाची आणि पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स जोडा. बँकेला अर्ज न देता थेट इथे तक्रार केली, तर ती परत येते.

पैसे परत आले की पुन्हा पासबुक छापा. चार्जासोबत जीएसटीही परत आला का ते बघा, कारण पुष्कळदा फक्त चार्ज परत येतो आणि जीएसटी राहून जातो. राहिला असेल तर त्याच पोचीच्या झेरॉक्सवर दोन ओळी लिहून द्या.