फासे फिक्स नाहीत: ऑनलाइन बॅकगॅमन खेळताना या चुका टाळा

हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये रोज कोणीतरी फोनवर बॅकगॅमन, म्हणजे दोन फाशांवर सोंगट्या हलवायचा दोघांचा पट, खेळताना म्हणतं, "हे ॲप चीटिंग करतंय यार!" बस वाकडला अडकलेली, आणि समोरच्याला सलग तिसरं डबल (दोन्ही फाशांवर सारखाच आकडा) पडलेलं. वर्षभर मीही हेच म्हणत होतो. डबल पडायची शक्यता 36 पैकी 6, म्हणून सलग तीन डबलची 216 पैकी 1. रोज चार-पाच डाव खेळणाऱ्याला हे अधूनमधून दिसणारच. फाशांना शिव्या घातल्या की आपली खेळी तपासायची राहून जाते, खरा तोटा तो.

माझीच एक खेळी बघा. माझ्या 8 नंबरच्या घरात एकच सोंगटी होती (एकट्या सोंगटीलाच मार बसतो) आणि समोरच्याच्या दोन सोंगट्या माझ्या 1 नंबरवर बसलेल्या. मधे सात घरांचं अंतर. 4-1 पडलं, चार दुसरीकडे वापरले आणि उरलेल्या एकाचं काय करायचं म्हणून तीच सोंगटी 7 वर सरकवली. शेवटाच्या जवळ आली, बरं वाटलं. प्रत्यक्षात सात अंतरावर तिला मारणारी दानं 36 पैकी 6 होती, सहा अंतरावर ती 17 झाली! अंतर सहा किंवा कमी झालं की एका फाशानेही मार बसतो. त्यातही सहा सगळ्यात वाईट. अगदी चिकटून बसलात तर 11 च दानं मारतात. एवढं पाठ केलं तरी रोजचे दोन-तीन डाव वाचतात.

याची उलट चूकही तितकीच महागात पडते. सुरुवातीला मार बसेल म्हणून काही जण सोंगट्यांचे ढीग लावून बसतात. अरे, मार बसलेली सोंगटी समोरच्याच्या बाजूने परत आत आणायची असते, आणि तेव्हा त्याने तिथे एकच घर बंद (दोन किंवा जास्त सोंगट्यांनी अडवलेलं) केलेलं असतं. मार बसला तरी परत येता न येण्याची शक्यता 36 पैकी 1. त्याने चार घरं बंद केली की ती 16 होते. म्हणून धाडस आधी, जपून खेळणं नंतर. 3-1 सारखं दान पहिल्यांदा पडलं तर मात्र विचारच नको: 8 आणि 6 वरची एकेक सोंगटी आणून 5 नंबरचं घर बांधायचं.

समोरच्याच्या बाजूला मागे राहिलेल्या आपल्या दोन सोंगट्या तो भिंत बांधायच्या आत हलवा. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात नाही.

डबलिंग क्यूब, म्हणजे डावाचे गुण दुप्पट करायचं आव्हान (घ्या, नाहीतर एक गुण देऊन डाव सोडा), आला की पुणेकर हात आखडता घेतो. पण हिशोब करा. चार डाव सोडले तर चार गुण गेले. तेच चारही घेतले, तीन हरलात तर सहा गेले, एक जिंकलात तर दोन आले. म्हणजे पुन्हा वजा चारच. थोडक्यात, चारात एक डाव जिंकण्याची आशा असेल तर क्यूबचं आव्हान घ्यायचं. गॅमनची, म्हणजे दुप्पट हारण्याची, भीती दिसत असेल तर अर्थातच जास्त जपून.

डाव संपला की तो जीएनयू बॅकगॅमन या खेळ्या तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघा, फुकट आहे. माझे सदाशिव पेठेतले काका सारीपाटावर वाढलेले. त्यांना ती 17 दानांची खेळी दाखवली. चष्मा वर करून म्हणाले, "सतरा दानं उघडी ठेवलीस आणि चीटिंग कोण करतंय म्हणालास?"