ऑप्शन्सचं ट्रेडिंग जर्नल ठेवताय? या चुका टाळा

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले, असं त्यातून दिसलं. तेव्हापासून ओळखीतले बरेच जण जर्नल, म्हणजे प्रत्येक ट्रेडची डायरी, लिहायला लागले. चांगलंच झालं. पण त्यांच्या एक्सेल शीट पाहतो तेव्हा जीव तुटतो. मेहनत पुष्कळ असते, पण ज्यासाठी ती केली तेच शीटमध्ये नसतं.

फक्त नफा-तोटा लिहिणं

'निफ्टी पुट, उणे ३,४५०, चुकीचा ट्रेड.' अशा ओळींनी पानं भरलेली असतात. (पुट म्हणजे निफ्टी पडेल यावरचा ऑप्शन, कॉल म्हणजे चढेल यावरचा.) हे आकडे ब्रोकरच्या ॲपमध्ये आहेतच, कॉन्ट्रॅक्ट नोटमध्येही (व्यवहारांच्या पावतीत) आहेत. ऑर्डर टाकताना तुमच्या मनात काय होतं, ते मात्र ब्रोकरकडे नसतं. का घेतला, कुठे चूक मान्य करणार होतात, किती वेळ थांबणार होतात, हे लिहाल तर तुम्हीच लिहाल.

संध्याकाळी कारण लिहिणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ही. पहिलं वर्षभर मी रात्री जेवणानंतर नोंदी करायचो. नफ्यातल्या ट्रेडपुढे 'ब्रेकआउट ओळखला' (भाव अडलेली पातळी ओलांडून गेला), तोट्यातल्या ट्रेडपुढे 'मार्केट अचानक फिरलं'. एकदा नोंदी चार्टशी ताडून पाहिल्या. एका ट्रेडमध्ये ब्रेकआउट साडेदहाला झाला होता आणि माझी ऑर्डर होती १० वाजून १२ मिनिटांची. म्हणजे आधी घेतला आणि कारण मागून आलं. मी खोटं लिहीत नव्हतो, मला खरंच तसं आठवत होतं. निकाल कळल्यावर आठवण बदलते, म्हणून कारण निकालाच्या आधी कागदावर हवं.

जुन्या पेढ्यांवर रोजकीर्द त्या दिवशीची त्या दिवशीच लिहायचे, खतावणी मग सवडीने. इथेही तेच करा. रोजकीर्द ऑर्डरच्या आधी, विश्लेषण शनिवारी. आता निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी, म्हणजे ऑप्शनची मुदत संपणं, मंगळवारी असते. त्या दिवसाची नोंद अशी असू शकते (कँडल म्हणजे चार्टवरची तेवढ्या वेळातली भावाची हालचाल, लॉट म्हणजे ऑप्शनचा ठरलेला गठ्ठा, प्रीमियम म्हणजे ऑप्शनचा भाव):

'मंगळवार, १०:४०. पंधरा मिनिटांची कँडल २४,८०० च्या वर बंद झाली तरच २४,८०० चा कॉल, एक लॉट. प्रीमियम ९० च्या आसपास, ६५ ला बाहेर. दीडपर्यंत हललं नाही तरी बाहेर, आज एक्स्पायरी आहे.'

एवढं लिहायला अर्धा मिनिट लागतो. वही जवळ नसेल तर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा, वेळ आपोआप नोंदली जाते.

फक्त दिशा लिहिणं

'मार्केट वर जाणार, म्हणून कॉल' ही शेअरची नोंद झाली, ऑप्शनची नव्हे. लोकसभा निकालाच्या दिवशी, ४ जून २०२४ ला, निफ्टी १,३७९ अंकांनी पडला. दुसऱ्या दिवशी तो ७३५ अंकांनी सावरला, पण बाजाराची अपेक्षित अस्थिरता दाखवणारा इंडिया व्हिक्स २६ च्या वरून १९ च्या खाली आला. त्या सकाळी दूरच्या स्ट्राइकचा (ऑप्शनमध्ये ठरलेल्या पातळीचा) कॉल घेतलेल्याची दिशा बरोबर ठरली, तरी अस्थिरता उतरल्याने प्रीमियम त्याच्या अपेक्षेइतका फुगणं अवघड होतं. नोंदीत आयव्ही (ऑप्शनच्या भावात धरलेली अस्थिरता) नसेल तर तो पुढचे सहा महिने दोष स्ट्राइकला देत बसेल.

म्हणून एंट्रीच्या वेळची आयव्ही, निफ्टीची पातळी आणि एक्स्पायरीला उरलेले दिवस लिहा. सगळे ग्रीक (डेल्टा, थीटा वगैरे मापं) लिहायला जाऊ नका. तेवढ्या रकान्यांची डायरी पंधरा दिवसांत बंद पडते.

स्प्रेडचे पाय सुटे लिहिणं

आयर्न कॉन्डोर म्हणजे चार ऑप्शन मिळून केलेली एक रचना. तिच्या चार पायांचे चार ट्रेड मोजले, तर यशाची टक्केवारी काहीच सांगत नाही. ॲडजस्टमेंटमध्ये तर फसगतच होते. विकलेला कॉल अंगावर आला, तोटा घेऊन वरच्या स्ट्राइकला सरकवला आणि तो नवा ट्रेड म्हणून लिहिला. जुना तोटा एका ओळीत राहतो, नवा नफा दुसऱ्या ओळीत दिसतो आणि ॲडजस्टमेंट कायम फायद्याची वाटते. संपूर्ण रचनेला एकच गट क्रमांक द्या. शेवटचा पाय बंद होईपर्यंतचं सगळं त्याच क्रमांकाखाली घ्या.

खर्च आणि लॉट विसरणं

६५ चा एक लॉट १२० ला घेऊन १२२ ला विकला, तर नफा १३० रुपये दिसतो. ऑर्डरमागे २० रुपये दलाली धरली तर दोन्ही बाजूंची दलाली, जीएसटी, एक्स्चेंजचे शुल्क, एसटीटी (व्यवहारावरचा कर) आणि मुद्रांक शुल्क मिळून साठाच्या पुढे जातात. जवळपास निम्मा नफा तिथेच संपतो. शिवाय दर बदलत राहतात: १ ऑक्टोबर २०२४ ला प्रीमियमवरचा एसटीटी ०.०६२५ वरून ०.१ टक्का झाला होता. त्यामुळे दर सूत्रात कोंबू नका, तारखेसह वेगळ्या रकान्यात ठेवा.

लॉटचंही तसंच. निफ्टीचा लॉट नोव्हेंबर २०२४ मध्ये २५ वरून ७५ झाला, पुढे ६५ वर आला. जुन्या-नव्या ट्रेडची रुपयांत तुलना केली तर आपण तिप्पट हुशार झालो, किंवा तिप्पट बिघडलो, असं वाटेल. जोखमीच्या पटीत मोजा. वरच्या नोंदीत जोखीम २५ अंकांची, म्हणजे १,६२५ रुपये. ३,२५० मिळाले तर 'दोन पट', स्टॉपलॉस लागला (ठरवलेल्या तोट्यावर बाहेर पडलात) तर 'उणे एक'.

बेरीज ब्रोकरच्या लेजरशी (खात्याच्या उताऱ्याशी) जुळत नसेल तर

आधी शून्यावर संपलेले ऑप्शन तपासा. ते कुणाला विकलेले नसतात, त्यामुळे ब्रोकरच्या ट्रेडबुकमध्ये (व्यवहारांच्या यादीत) विक्रीची ओळच येत नाही आणि शीटमध्ये पोझिशन उघडी राहते. तिथे शून्य किमतीची विक्री हाताने भरा. मग एकच ऑर्डर तुकड्यातुकड्यांत भरली गेली आहे का ते बघा. ऑर्डर क्रमांकावरून तुकडे एकत्र करून सरासरी भाव घ्या, नाहीतर एका ट्रेडचे पाच मोजले जातात. तिसरी गोष्ट तारखेची. एक्सेल अमेरिकी पद्धतीवर असेल तर ०३-०६ ही ३ जून न राहता ६ मार्च होते.

घाईने निष्कर्ष काढणं

दहा-बारा ट्रेड पाहून 'गुरुवारी मला जमत नाही' असं ठरवू नका. एवढ्या थोड्या नोंदींत योगायोगही नियमासारखा दिसतो. त्यापेक्षा 'ठरवलं तसं केलं का?' असा हो-नाहीचा एक रकाना ठेवा आणि दोन्हींची बेरीज वेगळी काढा. माझ्या शीटमधले बहुतेक 'नाही' दुपारी दोननंतरचे निघाले, तेही सकाळी तोटा झालेल्या दिवसांचे. तेव्हापासून सकाळी स्टॉपलॉस लागला की दोननंतर नवी ऑर्डर टाकत नाही.

मधले काही दिवस नोंद राहून गेली तर आठवून भरू नका. कॉन्ट्रॅक्ट नोटवरून आकडे घ्या, कारणाच्या रकान्यात 'नोंद नाही' लिहा आणि पुढच्या ऑर्डरपासून परत सुरू करा.