मधुमेहाच्या अ‍ॅपमध्ये घरचं जेवण नेमकं कसं नोंदवावं

अ‍ॅप कुठलंही चालेल, फक्त त्यात स्वतःचा पदार्थ ग्रॅममध्ये भरता यायला हवा. रक्तातल्या साखरेचं एकक एमजी/डीएल (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) ठेवा. फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवरचं बॅटरीचं बंधन काढा, नाहीतर गोळीची आठवण मधेच येईनाशी होते.

खरी अडचण जेवण भरताना येते. यादीत ‘भाकरी, 1 नग’ दिसतं आणि लोक डोळे झाकून तेच निवडतात. तसं अजिबात करू नका. एका घरची भाकरी 50 ग्रॅम पिठाची, तर शेजारची 80 ची. वाटीही कुठे 100 मिलिलिटरची, कुठे 200 ची. त्यापेक्षा स्वयंपाकघरात डिजिटल काटा ठेवा आणि कच्चा जिन्नस मोजा. पाणी रोज कमी-जास्त पडतं, म्हणून नुसत्या शिजल्यावरच्या वजनावर भरवसा ठेवता येत नाही.

पोळ्यांसाठी भिजवायचं आणि लाटायचं पीठ आधीच मोजून घ्या, उरलेली पिठी वजा करा आणि पोळ्यांच्या संख्येने भागा. 300 ग्रॅम गव्हाच्या पिठाच्या 10 पोळ्या झाल्या, तर एका पोळीत सुमारे 19 ग्रॅम कर्बोदकं. ज्वारीच्या 60 ग्रॅम पिठाच्या भाकरीत ती सुमारे 40 असतात, म्हणजे अशा दोन पोळ्यांहून किंचित जास्तच. ‘भाकरीने साखर वाढत नाही’ म्हणून पोटभर भाकरी खाणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा.

भातासाठी रिकाम्या पातेल्याचं वजन लिहून ठेवा. 150 ग्रॅम तांदळाचा भात 420 ग्रॅम भरला, तर 100 ग्रॅम भातात सुमारे 28 ग्रॅम कर्बोदकं. सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो: नोंद कच्च्या तांदळाची निवडायची आणि वजन शिजलेल्या भाताचं टाकायचं. आकडा जवळजवळ तिप्पट होतो.

हे पदार्थ एकदा साठवले की रोज काटा काढावा लागत नाही. पालेभाजी अंदाजाने भरा. बटाटा, साबुदाणा आणि तेल मात्र मोजूनच. ताट वाढलं की लगेच नोंदवा. रात्री आठवून भरताना दुपारचा चहा आणि बिस्किटं हमखास सुटतात.

जेवणानंतरची साखर पहिल्या घासापासून 2 तासांनी तपासा आणि आकडा त्याच जेवणापुढे टाका. ती 70 च्या खाली आली, तर अ‍ॅप बाजूला ठेवून 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. अ‍ॅपमधला आलेख पाहून इन्सुलिन किंवा गोळीचा डोस परस्पर बदलू नका; 2 आठवड्यांच्या नोंदी डॉक्टरांना दाखवा.