अपग्रेड मध्येच अडकलं? शेवटची ओळ वाचू नका

उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींवर अपग्रेड अर्धवट थांबलं की सगळे शेवटची ओळ शोधत बसतात. तिथे ‘एरर कोड १’ एवढंच असतं, त्यातून काही कळत नाही. वर सरका आणि ‘एरर प्रोसेसिंग पॅकेज’ अशी पहिली ओळ गाठा. अडकलेल्या पॅकेजचं (सॉफ्टवेअरच्या संचाचं) नाव त्याच ओळीत असतं आणि बिघाडाचं कारण बहुधा तिच्या आसपास. (खालच्या कमांड टर्मिनलमध्ये रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या.)

१. संदेशात ‘लॉक’ असेल तर मागे दुसरं अपडेट चालू आहे, बहुतेक वेळा आपोआप सुरू झालेलं. ते संपेपर्यंत थांबा.

२. ‘डीएफ -एच’ चालवा, डिस्क किती भरली ते दिसतं. रूट विभाजन (‘/’ ची ओळ) १०० टक्के भरलं असेल तर ‘सुडो एपीटी क्लीन’. उतरवलेल्या पॅकेज फाइली जातात, बसवलेलं काही जात नाही. वेगळं ‘बूट’ विभाजन भरलं असेल तर जुने कर्नल (प्रणालीचा गाभा) साचलेत: ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’.

३. मग ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि त्यानंतर ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. क्रम हाच ठेवा.

४. आता पुन्हा अपडेट, अपग्रेड.

लॉक फाइल (एका वेळी एकच अपडेट चालू ठेवणारी) हाताने पुसण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. मागचं काम चालू असताना ती पुसली तर पॅकेजांची नोंदच बिघडू शकते. आणि ‘वाय’ (हो) दाबण्याआधी काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी वाचा. त्यात डेस्कटॉपचं नाव दिसलं तर सरळ ‘एन’ (नाही).