आधी टाकीचं झाकण बघा, मग कार्बोरेटर

पॉवर वीडर (तण काढायचं पेट्रोल यंत्र) थोडा वेळ नीट चालतो आणि मग गुदमरून बंद पडतो? कार्बोरेटर खोलायच्या आधी टाकीचं झाकण सैल करा. ‘फुस्स’ झालं आणि इंजिन पुन्हा सुरळीत चालू लागलं, तर झाकणातलं हवेचं छिद्र तुंबलंय. जेवढं पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल अडतं. इंजिन थंड झाल्यावर झाकण काढून धुवा, हवा मारा. खिळ्याने छिद्र मोठं मात्र करू नका (हा उद्योग फार जण करतात). पेट्रोल हिंदकळून गरम सायलेन्सरवर सांडतं, वाफ उडते ती वेगळीच. ब्रश कटरला (गवत-झुडपं कापायचं यंत्र) टाकीत हवा घ्यायला बहुधा छोटा रबरी एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. तो चिकटला असेल तर सरळ बदला.