काळा फोटो डिलीट करू नका

डिसेंबरातली रात्र, साताऱ्याजवळ ठोसेघरच्या पुढचं चाळकेवाडीचं पठार. पवनचक्क्यांचे लाल दिवे लुकलुकत होते आणि गारठ्यानं बोटं वळत नव्हती. सेन्सर थंड ठेवायला आत कूलर असलेला नवाकोरा कॅमेरा मी पहिल्यांदाच दुर्बिणीला लावला होता. मृगातल्या तेजोमेघावर नेम धरून दोन-दोन मिनिटांचे चाळीस फोटो घेतले. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आल्यावर लॅपटॉप उघडला, तर चाळीसही फोटो काळेकुट्ट. तीन-चार ठळक तारे, मध्ये एक पांढुरका डाग, बास. सेटिंग चुकलं असणार म्हणून सगळे उडवले, वर रिसायकल बिनही रिकामा केला.

आठवडाभरानं ही रडकथा आमच्या गल्लीतल्या काकांना सांगितली. निवृत्त शिक्षक आहेत, पंचवीसेक वर्षं दुर्बिणीत डोळा घालून बसलेत. त्यांनी एवढंच विचारलं, "स्ट्रेच करून बघितलंस का?" मी म्हटलं, "म्हणजे काय?" काकांनी कपाळावर हात मारला.

ते फोटो चांगले होते. दुर्बिणीतून आभाळाचे फोटो काढायचा हा नाद नव्यानं लागलेल्यानं सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट हीच, म्हणून माझ्या मूर्खपणापासून सुरुवात केली. कॅमेरा आकडे गोळा करतो आणि स्क्रीन त्यांचं चित्र काढते, ही दोन वेगळी कामं आहेत. १६ बिटच्या फाइलमध्ये ० ते ६५,५३५ एवढ्या पायऱ्या असतात. तेजोमेघाचा अंधुक भाग त्यातल्या अगदी खालच्या पायऱ्यांवर बसलेला असतो. स्क्रीन सगळ्या पायऱ्या सरसकट दाखवायला जाते, मग खालचं सगळं काळं दिसतं. स्ट्रेच केलं की त्या खालच्या पायऱ्या ताणून डोळ्यांना दिसतील अशा होतात. कॅमेरा चालवणारं सॉफ्टवेअर शार्पकॅप असो की निना, दोन्हींत हे एका बटणावर होतं आणि मूळ फाइलला धक्का लागत नाही.

मी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, इलेक्ट्रिशियन. मशिन बंद पडलं की आम्ही आधी मीटर लावतो, मग पाना उचलतो. इथं मीटर म्हणजे हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या पायरीवर किती पिक्सेल आहेत ते दाखवणारा आलेख, आणि शेजारचे आकडे. निनामध्ये प्रत्येक फोटोचा किमान, कमाल आणि मध्य आकडा दिसतो. चित्र सुंदर दिसो वा भिकार, आधी हे तीन आकडे बघायची सवय लावून घ्या. ऑटो स्ट्रेच तर उलट्या बाजूनंही फसवतं: वाया गेलेला फोटोही झकास करून दाखवतं.

माझा दुसरा घोटाळा असाच झाला, ऑफसेटचा. जुन्या सुईवाल्या मीटरचा काटा शून्याच्या खाली अडकला असेल तर थोडं व्होल्टेज आलं तरी तो हलत नाही, हे आमच्या लाइनमधल्या कुणालाही ठाऊक असतं. कॅमेऱ्याचं तसंच आहे. प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात थोडा नॉइज असतो, कधी वर कधी खाली. ऑफसेट म्हणजे काटा मुद्दाम शून्याच्या थोडा वर ठेवणं, म्हणजे खाली जाणारे आकडेही मोजले जातात. मी कुठल्या तरी व्हिडिओत बघून ऑफसेट शून्य केला होता, का तर "बॅकग्राउंड काळं येतं." आलं की काळं! पण तेजोमेघाच्या कडेची अंधुक झालर शून्यावर कापली गेली. पुढं कितीही स्टॅकिंग करा, म्हणजे कितीही फोटो एकावर एक रचा, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तपासायची रीत सोपी आहे. झाकण लावा, सगळ्यात कमी एक्सपोजर ठेवा, एक फोटो काढा आणि किमान आकडा बघा. शून्य असेल तर ऑफसेट थोडा वाढवा, परत काढा. किमान आकडा शून्यापासून स्पष्ट वर आला की थांबा आणि त्यानंतर त्या आकड्याला हात लावू नका. काही सॉफ्टवेअरमध्ये याच गोष्टीला ब्लॅक लेव्हल किंवा ब्राइटनेस म्हणतात. त्या नावाला भुलून फोटो उजळ करायला ते वाढवत बसू नका.

गेनबद्दल गैरसमज फार. गेन वाढवल्यानं आभाळातून जास्त प्रकाश येत नाही. आलेल्या प्रकाशाला किती पटीनं गुणायचं, एवढंच तो ठरवतो. फार वाढवला तर ठळक तारे लगेच ६५,५३५ ला टेकतात आणि त्यांचा रंग कायमचा जातो. माझ्या कॅमेऱ्यात सोनीचा आयएमएक्स५३३ सेन्सर आहे. त्याच्या मोजपट्टीवर गेन ६० नं वाढला की सिग्नल दुप्पट होतो, आणि १०० ला पोचल्यावर वाचताना येणारा नॉइज एकदम खाली उतरतो. म्हणून तेजोमेघांसाठी मी कायम १०० वर असतो. पण हा १०० तुमच्या कॅमेऱ्याला चालेलच असं नाही. दुसऱ्या कंपनीची मोजपट्टी वेगळी असते. दुसऱ्याचा गेन उसना घेणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावणं.

एक्सपोजरला एकच पक्का आकडा नाही. हिस्टोग्रामचा उंचवटा डाव्या भिंतीपासून सुटा झाला पाहिजे आणि मोजके तारे सोडले तर उजवीकडं काही टेकलेलं नको. घराच्या गच्चीवरून, शहराच्या उजेडात, मला ३० सेकंदांतच हे जमतं. चाळकेवाडीला त्याच दुर्बिणीला दोन-तीन मिनिटं लागतात. पौर्णिमेच्या आसपास हा सगळा हिशेब पुन्हा मांडायचा.

रंगाचा किस्सा मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण त्यानं माझे दोन महिने खाल्ले. रंगीत कॅमेऱ्याच्या सेन्सरवर चार पिक्सेलच्या चौकोनात एक लाल, एक निळा आणि दोन हिरवे असे फिल्टर असतात. म्हणून कच्चा फोटो हिरवट दिसणं अगदी साहजिक आहे. नवीन माणूस ते बघून व्हाइट बॅलन्सचे स्लायडर ओढायला लागतो. माझ्या कॅमेऱ्यात ते स्लायडर थेट फाइलमधल्याच आकड्यांना गुणतात, तेव्हा दोन्ही ५० वर, म्हणजे तटस्थ ठेवून रंगाचं बघायचं ते नंतर घरी. एवढं मी शिकलो होतो. तरीही एका रात्रीपासून माझे सगळे फोटो मळकट जांभळे यायला लागले. ड्रायव्हर बदलला, केबल बदलली, सॉफ्टवेअर दोनदा काढून टाकलं. शेवटी काका म्हणाले, मृगातले काक्षी आणि राजन्य हे दोन तारे बघ. काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर दिसायलाच हवा. माझ्याकडं दोघांचा रंग एकच! म्हणजे कुठला पिक्सेल कुठल्या रंगाचा, हेच सॉफ्टवेअरला चुकीचं कळत होतं. कारण सापडलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. चित्र उलटं दिसतंय म्हणून मी कधीतरी उभ्या फ्लिपच्या चौकटीत टिक केली होती. फ्लिप केलं की ओळी उलटतात आणि लाल-हिरवा, हिरवा-निळा (आरजीजीबी) असलेली मांडणी हिरवा-निळा, लाल-हिरवा (जीबीआरजी) होते. पुढच्या सॉफ्टवेअरला हे सांगायला कुणी नव्हतं. टिक काढली, दोन मिनिटांत प्रश्न मिटला. आभाळात खाली-वर काही नसतं. चित्र उलटं दिसलं तर दिसू द्या.

कॅमेरा मध्येच डिस्कनेक्ट होण्यावर आमच्याकडं सगळ्यांनी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्यात, मीही. शेवटी माझ्या धंद्यातलं शहाणपण मला सहा महिन्यांनी आठवलं आणि मी खराखुरा मीटर लावला. बॅटरीच्या टोकाला १२.४ व्होल्ट, कॅमेऱ्याच्या टोकाला १०.९! कूलर पूर्ण ताकदीनं चालताना तीनेक अँपिअर ओढतो आणि मी तीन मीटर लांब, सुतळीएवढी बारीक वायर वापरली होती. दीड एमएमची वायर टाकली, तेव्हापासून एकदाही तुटला नाही. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

मध्यंतरी भाच्याच्या लॅपटॉपवर कॅमेरा सापडतच नव्हता. बघितलं तर गायडिंगसाठी, म्हणजे दुर्बीण ताऱ्यावर नेमकी धरून ठेवायला लावलेल्या पीएचडी२ या सॉफ्टवेअरमध्ये त्यानं गाइड कॅमेऱ्याऐवजी मुख्य कॅमेराच निवडला होता. एका सॉफ्टवेअरनं धरलेला कॅमेरा दुसऱ्याला मिळत नाही.

ग्रहांचा कारभार अगदी उलटा. गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आतच फिरतो, त्यामुळं दोन-तीन मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ घेतला तर पट्टे पुसट होतात. तेवढ्या वेळात हजारो फ्रेम पकडायच्या, म्हणून चौकट ६४० बाय ४८० एवढी छोटी करा, एक्सपोजर काही मिलिसेकंद, ८ बिट चालतं, फाइल एसईआर या व्हिडिओच्या फॉरमॅटमध्ये. फ्रेमचा वेग रडतखडत असेल तर आधी केबल कुठल्या पोर्टला आहे ते बघा, मग सेटिंग. यूएसबी २ च्या पोर्टला लावून मी एकदा अख्खी रात्र यूएसबी ट्रॅफिकचा, म्हणजे केबलमधून डेटा किती वेगानं सोडायचा त्याचा, स्लायडर हलवत बसलो होतो.

काही दोष सेटिंगचे नसतातच. तारे एकाच दिशेनं लांबट आले तर गेन-ऑफसेटला हात लावू नका. पवनचक्क्या उगाच त्या पठारावर उभ्या केलेल्या नाहीत, वारा दुर्बीण हलवतो. किंवा दुर्बीण फिरवणाऱ्या स्टँडचा अक्ष ध्रुवाकडं नीट लावलेला नसतो. साताऱ्यातून ध्रुवतारा साडेसतरा-अठरा अंशांवरच असतो, म्हणजे नेमका गावाच्या उजेडात आणि धुरकट हवेत बुडालेला. सगळे तारे हळूहळू फुगत चालले तर दव; रुमालानं पुसू नका, हीटरची पट्टी बांधा.

डार्कचं राहिलंच. डार्क म्हणजे झाकण लावून घेतलेला काळा फोटो; सेन्सरचा स्वतःचा नॉइज काढायला तो मूळ फोटोतून वजा करतात. त्याचे गेन, ऑफसेट, एक्सपोजर आणि तापमान मूळ फोटोसारखेच हवेत. एप्रिलमध्ये हौसेनं मी उणे २० लावलं. हवा २६ अंशांवर, कूलर फार तर ३५ अंश खाली नेणारा. तो शंभर टक्क्यांवर धापा टाकत उणे ८ आणि ९ मध्ये घुटमळत राहिला, आणि एकही डार्क जुळला नाही. आता उन्हाळ्यात उणे ५, थंडीत उणे १०. कूलर सत्तर-ऐंशी टक्क्यांवर स्थिर राहील तेवढंच मागतो. आणि एका रात्री एकच सेटिंग बदलतो, ते लाइटच्या बिलामागं पेन्सिलीनं लिहून ठेवतो.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत साताऱ्याचं आभाळ आपलं नसतं. ते महिने मी डार्क काढण्यात घालवतो, दोन्ही तापमानांचे, प्रत्येक एक्सपोजरचे पन्नास-पन्नास. झाकणातूनही बारीक उजेड शिरतो, म्हणून कॅमेरा पिठाच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात ठेवून वर काळं कापड गुंडाळतो. गेल्या श्रावणात बायको दळण घेऊन आली, डबा शोधत शोधत माझ्या टेबलापाशी थांबली आणि म्हणाली, "झाकण लावून, डब्यात घालून, वर फडकं टाकून नक्की कसले फोटो काढताय?"

मी म्हटलं, "काळे."