जुना खाडीपूल दुरुस्त करताना: बेअरिंग, भरती आणि वाहतुकीचा ब्लॉक

ठाणे खाडीवरच्या तीस-चाळीस वर्षे वयाच्या एखाद्या पुलाची दुरुस्ती हाती आली, की बहुतेक अभियंते सर्वप्रथम काँक्रीटकडे पाहतात. माझ्या मते आधी घड्याळाकडे पाहावे. पूल सलग किती तास, आठवड्यातून किती रात्री आणि किती रुंदीत बंद ठेवता येईल, याचे उत्तर मिळाल्याखेरीज दुरुस्तीची पद्धत ठरवण्यात अर्थ नसतो. कारण चार तासांच्या ब्लॉकमध्ये बसणारी पद्धत आणि दहा दिवसांच्या बंदीत बसणारी पद्धत यांचे साहित्य, यंत्रे आणि खर्च, सारेच वेगळे असते. निविदा निघाल्यानंतर वाहतूक शाखेला पत्र पाठवण्याचा जो प्रघात पडला आहे तो उलटा करावा आणि पहिल्या आराखड्याच्या बैठकीलाच वाहतूक पोलिसांना बोलवावे.

ठाणे आणि नवी मुंबईच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच खरी आहे, कारण खाडी ओलांडण्याच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. वाशी, ऐरोली किंवा कळवा यांपैकी एका पुलावर मर्यादा आली की तिचा भार उरलेल्यांवर पडतो. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाल्यामुळे मोटारींना एक वाट वाढली, परंतु दुचाकी आणि रिक्षांना तेथे प्रवेश नाही. त्यामुळे वाशी किंवा ऐरोलीच्या पुलावरील दुचाकी ‘अटल सेतूकडे वळवू’ असे आराखड्यात लिहिणे म्हणजे कागद भरणे होय. कळव्याच्या बाजूने वळवायचे तर विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून जावे लागते आणि तेथे पावसात पाणी साचते. २०१८ मध्ये मुंब्रा बाह्यवळण दुरुस्तीसाठी बंद केले, तेव्हा जेएनपीए बंदराकडून नाशिक आणि गुजरातच्या दिशेने जाणारी अवजड वाहने ऐरोली, मुलुंड आणि ठाणे शहराच्या रस्त्यांवर आली, आणि कोंडीने किती लांबवर हातपाय पसरले ते त्या काळात प्रवास केलेल्यांना सांगण्याची गरज नाही.

वाहनगणना सलग सात दिवस, चोवीस तास करावी आणि जुनी गणना वापरण्याचा मोह टाळावा. १५ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला असून त्यांत वाशी आणि ऐरोलीही आहेत. त्याआधीचे आकडे आजच्या वाहनचालकाची निवड सांगत नाहीत. रात्री रस्ता रिकामा असतो, हा समजही येथे चालत नाही. वाशीच्या एपीएमसी बाजारात भाजीपाल्याच्या गाड्या मध्यरात्रीनंतर येऊ लागतात, कंटेनर बऱ्याच प्रमाणात रात्रीच हलतात, आणि ऐरोलीतील आयटी कंपन्यांच्या व ठाणे-बेलापूर मार्गावरील कारखान्यांच्या पाळ्या आपापल्या वेळी सुटतात. म्हणून ‘रात्री अकरा ते पहाटे पाच’ असे सरसकट न लिहिता, प्रत्येक दिशेसाठी दर तासाची संख्या मांडून खरा निवांत काळ शोधावा. दोन्ही दिशांचा निवांत काळ एकच असेल असेही नाही.

यानंतर पुलाकडे वळावे. पाहणीसाठी ओहोटीची वेळ धरावी, कारण सर्वाधिक नुकसान बहुधा भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आणि त्याच्या लगेच वर, जेथे लाटांचे पाणी उडते तेथे, झालेले असते. कोळी बांधवांचा तिथीला पाऊणने गुणण्याचा हिशेब येथे आजही उपयोगी पडतो: अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला पूर्ण भरती आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. मात्र अपोलो बंदराच्या भरतीच्या तक्त्यातील वेळ ऐरोली किंवा कळव्याला जशीच्या तशी लागू पडत नाही, पाणी वर चढायला वेळ लागतो. म्हणून पिअरवर (पुलाच्या खांबावर) मोजपट्टी रंगवून दोन-चार दिवस स्वतः नोंद घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खालचा भाग अधिक उघडा पडतो, तर भांगाच्या (कमी चढ-उताराच्या भरतीच्या) दिवसांत बोट लावून काम करणे सोपे जाते.

दिसणाऱ्या तड्यांपेक्षा न दिसणारे अधिक धोक्याचे असते. साध्या प्रबलित काँक्रीटमध्ये गंजलेली सळई फुगते, पोपडे सुटतात आणि पूल जणू आधी सूचना देतो. प्रीस्ट्रेस्ड गर्डरमधील, म्हणजे ताणलेल्या पोलादी तारांनी आवळलेल्या काँक्रीटच्या तुळईतील, तारा मात्र आतल्या नळीत गंजत राहतात आणि बाहेरून काही दिसेलच याची खात्री नसते. गोव्यातील मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला त्यामागे असाच तारांचा गंज होता, आणि १९७३ मध्ये खुल्या झालेल्या वाशीच्या पहिल्या खाडीपुलालाही गंजाने ग्रासले. १९९७ मध्ये त्याच्या शेजारी दुसरा पूल सुरू झाला. म्हणून हातोडीने ठोकून पाहणे आणि रिबाउंड हॅमर (काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कडकपणा पाहणारे यंत्र) यांवर न थांबता अल्ट्रासोनिक चाचणी, हाफ-सेल चाचणी (सळईचे विद्युत विभव मोजणारी), क्लोराइडचे प्रमाण आणि फिनॉल्फ्थॅलीन फवारून कार्बोनेशनची (हवेतील कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची क्षारता घटण्याची) खोली या चाचण्याही कराव्यात. हाफ-सेलचे वाचन उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण असेल तर गंज चालू असण्याची दाट शक्यता धरावी. प्रीस्ट्रेस्ड गर्डरमध्ये निवडक जागी नळी काळजीपूर्वक उघडून आत ग्राउट (पातळ सिमेंटचे मिश्रण) भरले आहे की पोकळी आहे, हे डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही.

पाहणीत एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे डांबराची जाडी. दर उन्हाळ्यात जुना थर न खरवडता नवा टाकला जातो आणि पूल मुकाट्याने तो वाहतो. ४० मीटर लांब आणि ७.५ मीटर रुंद गाळ्यावर (दोन पिअरमधल्या भागावर) ५० मिलिमीटरचा एक जादा थर म्हणजे सुमारे ३४ टन कायमचे ओझे. काही पुलांवर निव्वळ हे ओझे उतरवणे हीच सर्वांत स्वस्त बळकटी ठरते.

काँक्रीटची डागडुजी करताना सुटलेला भाग काढून मायक्रो काँक्रीट भरले की काम संपले असे समजू नये. क्लोराइडने बाधित झालेले काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढले नाही, तर नव्या तुकड्याच्या कडेला लागूनच असलेली जुनी सळई अधिक वेगाने गंजू लागते आणि दोन-तीन वर्षांत ठिगळाशेजारी नवे भगदाड दिसते. दुरुस्तीच्या कडेला जस्ताचे, सळईऐवजी स्वतः गंजणारे अॅनोड बसवल्यास हा धोका कमी होतो.

आता सर्वांत नाजूक भाग: बेअरिंग, म्हणजे गर्डर आणि पिअर यांच्यामधली गादी, बदलणे. पूल आपल्याला स्थिर भासतो, पण ४० मीटरचा काँक्रीटचा गर्डर २५ अंशांच्या तापमानफरकाने सुमारे १२ मिलिमीटर लांब-आखूड होतो. ही हालचाल पेलण्याचे काम निओप्रीनचे बेअरिंग करते. ते कडक झाले, फुगले किंवा सरकले की तोच जोर पिअर कॅपवर (पिअरच्या माथ्यावर) येतो. ते बदलण्यासाठी गर्डर जेमतेम काही मिलिमीटर उचलावा लागतो, आणि या काही मिलिमीटरांसाठी सारी तयारी करायची असते. प्रथम पिअर कॅपवर जॅक ठेवायला जागा आहे का आणि टोकाचा आडवा गर्डर हा भार पेलेल का, हे संकल्पचित्रकाराकडून तपासून घ्यावे. अनेक जुन्या पुलांत तो यासाठी बनवलेलाच नसतो आणि पोलादी ब्रॅकेट लावावे लागतात. एका पिअरवरचे सर्व जॅक एकाच नियंत्रणाखाली, एकेक मिलिमीटरच्या टप्प्याने उचलावेत आणि प्रत्येक गर्डरपाशी सूक्ष्म हालचाल दाखवणारे डायल गेज वाचणारा स्वतंत्र माणूस ठेवावा. दोन गर्डरांमध्ये ठरलेल्या मर्यादेपेक्षा फरक आला, तर कोणाचीही परवानगी न विचारता काम थांबवण्याचा अधिकार त्या माणसाला असावा. उचलून झाल्यावर जॅकला जागच्या जागी रोखणारा लॉकनट आवळावा. केवळ तेलाच्या दाबावर पूल एक मिनिटही उभा ठेवू नये.

उचलण्यापूर्वी पुलाला बांधून ठेवणाऱ्या सर्व गोष्टी मोकळ्या कराव्यात: एक्स्पान्शन जॉइंट (गाळ्यांमधली हालचालीसाठी ठेवलेली फट), कठडे, जलवाहिनी, विजेच्या आणि इंटरनेटच्या केबल. एका पुलावर आम्ही सारी तयारी करून पहाटे दोनला जॅक चालू केले आणि एका टोकाचा गर्डर उठेचना; चौकशीअंती पदपथाखालून गेलेली, कोणत्याही नकाशात नसलेली एक लोखंडी नळी दोन्ही बाजूंना पक्की सिमेंटने जाम केलेली आढळली. ती रात्र वाया गेली, परंतु तेव्हापासून नकाशावर विश्वास न ठेवता आधी पदपथ उघडून पाहण्याची सवय लागली.

गर्डर उचलताना आणि उतरवताना पुलावर एकही वाहन नसावे. मधल्या काळात, गर्डर लॉकनटवर पक्का असताना, संकल्पचित्रकाराने लेखी मान्यता दिली असेल तरच हलकी वाहने कमी वेगाने सोडावीत. नव्या बेअरिंगखाली भरलेल्या ग्राउटला ताकद यायला काही तास लागतातच, म्हणून प्रत्येक ब्लॉकला एक परतीची वेळ ठरवावी: अमुक वाजेपर्यंत जुने बेअरिंग निघाले नाही तर पुढे न जाता पूल पूर्ववत ठेवायचा. ठेकेदाराला हे आवडत नाही, पण सकाळी सातची कोंडी त्याच्या दारात उभी राहत नाही.

पुलाची दोन टोके अनेकदा वेगवेगळ्या पोलीस आयुक्तालयांत येतात. ऐरोलीच्या पुलाचे एक टोक मुंबईत आणि दुसरे नवी मुंबईत, तर वळवलेली वाहने ठाण्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ११५ आणि ११६ यांखालील अधिसूचना प्रत्येक आयुक्तालयातून एकाच तारखेच्या आणि वेळेच्या निघाव्यात, अन्यथा एकीकडे सोडलेला ट्रेलर दुसरीकडे अडतो. कामाच्या जागेची मांडणी इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी एसपी ५५ या मार्गदर्शिकेनुसार करावीच, परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे सूचनाफलक निर्णयाच्या जागी लावावेत. पुलाच्या तोंडाशी आलेला चालक फलक वाचून काय करणार? ऐरोलीच्या पुलासाठी पहिला फलक पूर्व द्रुतगती मार्गावर मुलुंडच्या वळणाच्या बऱ्याच आधी हवा, आणि अवजड वाहनांसाठी तर शिळफाटा आणि कळंबोलीलाच. पर्यायी मार्ग मोटारीतून न पाहता एकदा कंटेनरच्या केबिनमध्ये बसून पाहावा. चाळीस फुटी ट्रेलर वळताना कोणत्या कोपऱ्यावर अडकतो, ते तेव्हाच कळते. त्या मार्गावर बंद पडलेले वाहन उचलणारी क्रेन रात्रभर उभी ठेवावी. एनएमएमटी, टीएमटी आणि बेस्ट या बससेवांना बदललेले थांबे किमान आठवडाभर आधी कळवावेत आणि रुग्णवाहिकेसाठी एक मार्गिका कोणत्याही टप्प्यावर मोकळी राहील अशी आखणी करावी.

कामाचा हंगाम ऑक्टोबर ते मे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येईल असे धरून शेवटचा ब्लॉक मेच्या मध्याला संपवावा आणि दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस दिवसाच्या बंदीतून वगळावेत. याच हंगामात खाडीत रोहित पक्षी असतात. ऐरोली आणि वाशी यांच्यामधला पट्टा २०१५ पासून अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, त्यामुळे फोडलेल्या काँक्रीटचा एक तुकडाही पाण्यात पडू नये यासाठी गाळ्याखाली जाळी आणि ताडपत्री बांधावी, प्रखर दिव्यांचे तोंड रस्त्याकडे ठेवावे, आणि परवानग्यांचे अर्ज निविदेच्या आधी द्यावेत.

बळकटीचे काम झाल्यावर भारचाचणी घ्यावी. भार काढल्यानंतर २४ तासांत प्रबलित काँक्रीटच्या गाळ्याचा वाक किमान ७५ टक्के आणि प्रीस्ट्रेस्ड गाळ्याचा ८५ टक्के परत यायला हवा. त्याच दिवशी प्रत्येक जॉइंटची फट मोजून तारीख, वेळ आणि तापमानासह पिअरवर रंगाने लिहावी. पुढे जानेवारीच्या पहाटे आणि मेच्या दुपारी तीच फट पुन्हा मोजावी, आणि दोन्ही आकडे सारखेच आले तर बेअरिंग अडकले आहे असे समजून पुन्हा शिडी लावावी.